ओरिनचा पर्वत : अस्वस्थ करणाऱ्या एका जपानी चित्रपटाचे मोल

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दरूप)

चांगला चित्रपट कोणता, या प्रश्नाला सुसंस्कृत घरांमध्ये एक ठरलेले उत्तर असते. जो सर्व कुटुंबाने एकत्र बसून पाहावा, ज्यात काही अभद्र नसावे आणि जो पाहून मन प्रसन्न व्हावे, तो चांगला. हे उत्तर चुकीचे नाही. मुलांच्या डोळ्यांसमोर काय यावे याची काळजी आईवडिलांनी घेतलीच पाहिजे. परंतु कलेचे संपूर्ण क्षेत्र या एका कसोटीत बसत नाही. काही कलाकृती प्रसन्न करीत नाहीत, हादरवतात. त्या पाहताना मान फिरवावीशी वाटते आणि पाहून झाल्यावर आठवडेच्या आठवडे त्या पाठ सोडत नाहीत. अशा कलाकृतींचे काय करायचे, त्या टाकाऊ समजायच्या की त्यांतून काही घ्यायचे, हा आजचा विषय आहे. तो हवेत राहू नये म्हणून एकच चित्रपट समोर ठेवू. तो जपानी आहे आणि केवळ प्रौढांनीच पाहावा असा आहे. त्याचा विषय मात्र प्रत्येक भारतीय घराच्या उंबरठ्याशी येऊन थांबणारा आहे.

'नारायामा बुशिको' हे त्याचे मूळ नाव. जगभर तो 'द बॅलड ऑफ नारायामा' या नावाने ओळखला जातो. दिग्दर्शक शोहेई इमामुरा. १९८३ साली फ्रान्समधील कान महोत्सवात त्याला सर्वोच्च 'पाम दोर' सन्मान मिळाला. त्याच वर्षी त्याच महोत्सवात रॉबेर ब्रेसाँ आणि आंद्रेई तारकोव्हस्की यांच्यासारख्या दिग्गजांच्या कृती होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे त्या सन्मानाचे वजन कळते.

कथा मूळची शिचिरो फुकाझावा या लेखकाची. १९५६ साली ती प्रसिद्ध झाली आणि तिला नवलेखकांसाठीचा 'चुओ कोरोन' पुरस्कार मिळाला. दोनच वर्षांनी, १९५८ मध्ये, केइसुके किनोशिता यांनी तिच्यावर पहिला चित्रपट काढला. तो काबुकी रंगभूमीच्या शैलीत, रंगवलेल्या पडद्यांसमोर, गायक-निवेदकाच्या साथीने उभा केलेला होता. क्रौर्य होते, पण त्यावर नाट्यधर्मी संकेतांचे तलम वस्त्र होते. पंचवीस वर्षांनी इमामुरांनी ते वस्त्र काढून टाकले. त्यांनी कथा खऱ्या डोंगरात, खऱ्या बर्फात आणि खऱ्या चिखलात नेली.

कथेचा आशय

सुमारे शतकापूर्वीचे, डोंगराच्या कुशीतले एक दरिद्री गाव. शेती तुटपुंजी आणि हिवाळा दीर्घ. पांढरा भात ही सणासुदीची चैन. पोटे अधिक आणि धान्य कमी, या एका गणिताभोवती गावाचे सारे नियम उभे आहेत. थोरल्या मुलानेच लग्न करावे, धाकट्यांनी जन्मभर राबावे. मुलगी झाली तर ती मीठ विकायला येणाऱ्या व्यापाऱ्याला विकता येते. नको असलेला मुलगा जन्मला तर त्याचे कलेवर शेताच्या बांधावर सापडते. आणि सत्तरावे वर्ष लागले की घरातल्या वृद्धाने नारायामा पर्वतावर जायचे. थोरल्या मुलाने पाठीवर वाहून न्यायचे, तेथे ठेवायचे आणि मागे न पाहता परतायचे.

ओरिन एकोणसत्तर वर्षांची आहे. ती धडधाकट आहे, कामाला वाघ आहे आणि हीच तिची लाज आहे. तिचे सगळे दात शाबूत आहेत. अन्नाची टंचाई असलेल्या गावात म्हातारीचे मजबूत दात म्हणजे चेष्टेचा विषय. खुद्द नातू त्यावर गाणे रचून गातो. एके दिवशी ओरिन दगडी उखळीवर तोंड आपटून स्वतःचे पुढचे दात पाडते. रक्ताने भरलेल्या तोंडाने ती जणू गावाला सांगते की आता मी म्हातारी झाले, आता जायला मोकळी आहे.

जाण्यापूर्वी तिला कामे उरकायची आहेत. थोरला मुलगा तात्सुहेई विधुर आहे. त्याच्यासाठी शेजारच्या गावातून तामायान ही चांगली बाई येते. नवी सून दारात येताच ओरिन तिला प्रेमाने जेवू घालते आणि हाताने मासे पकडण्याची आपली गुप्त जागा दाखवते. एका पिढीने दुसरीला किल्ल्या द्याव्यात तसे ते दृश्य आहे. धाकट्या मुलाला, रिसुकेला, अंगाच्या दुर्गंधीमुळे कोणी जवळ करीत नाही. त्याच्यासाठीही ती आपल्या परीने सोय लावते. ती सोय सभ्य समाजात उच्चारता येणार नाही अशी आहे, आणि दिग्दर्शकाने ती लपवलेली नाही.

मग हिवाळ्याच्या तोंडाशी प्रयाण. आदल्या रात्री गावातले जाणते लोक जमतात, साके पितात आणि एकेकजण नियम सांगतो. घरातून निघताना कोणी पाहू नये. पर्वतावर गेल्यावर बोलू नये. परतताना मागे वळून पाहू नये. पहाटे मुलगा आईला पाठीवर घेतो. पुढचा बराच काळ चित्रपटात जवळजवळ संवाद नाही. केवळ चढण, दगड, मुलाचा धापा टाकणारा श्वास. शिखरावर सांगाडे विखुरलेले आहेत, कावळे आहेत. मुलगा आईला सोडायला तयार नाही. आईच त्याला ढकलून परत पाठवते. तो उतरू लागतो आणि बर्फ पडू लागते. जाणाऱ्याच्या पोहोचण्यानंतर बर्फ पडणे ही गावाच्या समजुतीत भाग्याची खूण. तात्सुहेई नियम मोडून धावत वर जातो आणि ओरडून सांगतो की आई, बर्फ पडले, तू भाग्यवान आहेस. ओरिन हात जोडून बसलेली आहे. ती बोलत नाही. हाताने फक्त खूण करते: जा.

मुलगा घरी येतो. घरात चूल पेटलेली आहे, बाहेर बर्फ आहे आणि आईचे कपडे आता दुसऱ्या बाईच्या अंगावर आहेत. कोणी दुष्ट नाही. जीवन पुढे गेले आहे, इतकेच.

डिवचणारे काय आहे?

एवढेच सांगितले तर हा एक करुण, उदात्त चित्रपट वाटेल आणि ऐकणाऱ्याची दिशाभूल होईल. यात बरेच काही किळस आणणारे आहे. स्त्रीपुरुषांचे संबंध उघडे आणि खरबरीत दाखवले आहेत. मधूनमधून साप उंदीर गिळतो, बेडूक, कीटक, पक्षी यांची मीलने दिसतात. माणूस आणि जनावर यांच्यातली रेषा दिग्दर्शक मुद्दाम पुसट करतो. माणसाच्या कमरेखालच्या भागात आणि समाजाच्या तळाच्या थरात आपल्याला रस आहे, अशी भूमिका इमामुरांनी आयुष्यभर उघडपणे घेतली. 'टोकियो स्टोरी' या वृद्ध मातापित्यांवरील नितांत संयत चित्रपटाचे दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांच्या हाताखाली सहायक म्हणून उमेदवारी केलेला हा मनुष्य गुरूच्या संयमापासून जाणीवपूर्वक दूर गेला.

परंतु या उघडेपणाचा हेतू काय, हे पाहिले पाहिजे. बाजारू चित्रपटातील उत्तान दृश्य प्रेक्षकाची वासना चाळवते आणि त्याच्याकडून तिकिटाचे पैसे घेते. 'नारायामा'तील दृश्यांनी कोणाचीही वासना चाळवली जाणार नाही. ती भुकेची दृश्ये आहेत. जेथे अन्नाची भूक भागत नाही तेथे देहाच्या सगळ्याच भुका किती केविलवाण्या होतात, हे ती सांगतात. दोन्हीकडे उघडेपणा आहे म्हणून दोन्ही एकच, असे म्हणणे म्हणजे शस्त्रक्रिया करणारा आणि भोसकणारा यांना एका पंक्तीला बसवणे होय.

आपल्या परंपरेला हा भेद नवा नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्राने आठ रसांत बीभत्साला स्थान दिले आहे, आणि तेही मूळ चार रसांत. भयानकाची उत्पत्ती बीभत्सातून सांगितली आहे. भवभूतीने 'मालतीमाधवा'च्या पाचव्या अंकात स्मशानातील पिशाच्चांचे वर्णन असे केले आहे की वाचणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. आणि त्याच भवभूतीने 'उत्तररामचरिता'त करुणरसाला सर्व रसांचे मूळ मानले. महाभारताच्या स्त्रीपर्वात रणभूमीवर कोल्ह्या-गिधाडांमध्ये आपल्या माणसांची शरीरे शोधणाऱ्या स्त्रिया आहेत. व्यासांनी ते पान गाळले नाही. अभिनवगुप्ताने सहस्र वर्षांपूर्वी शांतरसाचे जे प्रतिपादन केले, त्या शांतापर्यंतची वाट अशाच पानांवरून जाते. किळस आणि भय यांतून गेलेल्या मनाला लाभणारी शांतता ही काहीच न पाहिलेल्या मनाच्या शांततेहून निराळी असते. म्हणून परदेशी कलाकृतीतील बीभत्स पाहून ती आपल्या संस्कृतीच्या विरोधी ठरवण्यापूर्वी आपलीच काव्यपरंपरा एकदा उघडून पाहावी.

ही कथा भारतातूनही प्रवास करून गेली आहे

वृद्धांना पर्वतावर सोडण्याच्या या चालीला जपानमध्ये 'ओबासुते' म्हणतात. ती कधी काळी सर्रास प्रचलित होती याला इतिहासाचा भक्कम पुरावा नाही. ती मुख्यतः दंतकथेत आणि साहित्यात जगते. दहाव्या शतकातील 'यामातो मोनोगातारी' या ग्रंथात ती आहे, 'ओबासुते' नावाचे नो नाटक आहे, नागानो प्रांतात त्या नावाचा डोंगर आहे आणि रेल्वे स्थानकही आहे. किनोशितांचा चित्रपट त्या स्थानकाच्या दृश्यानेच संपतो.

या कथेचे एक मूळ भारताकडे येते. इसवी सन ४७२ मध्ये चिनी भाषेत उतरलेल्या एका बौद्ध कथासंग्रहात वृद्धांना टाकून देणाऱ्या देशाची गोष्ट आहे. त्या देशातील एक मंत्री आपल्या पित्याला तळघरात लपवून ठेवतो. पुढे राज्यावर संकट येते, कोडी घातली जातात, ती कोणालाच सुटत नाहीत. लपवलेला म्हातारा सोडवतो आणि राजा ती दुष्ट चाल बंद करतो. बौद्ध धर्माबरोबर ही गोष्ट जपानला पोहोचली आणि तेथील लोककथांत मिसळली. पाली जातककथांमधील 'तक्कल जातक' याहून थेट आहे. काशी देशातील एक मनुष्य बायकोच्या सांगण्यावरून वृद्ध पित्याला गाडीत घालून स्मशानात नेतो आणि खड्डा खणू लागतो. सात वर्षांचा मुलगा बरोबर असतो. तोही शेजारी दुसरा खड्डा खणू लागतो. बापाने विचारल्यावर तो सांगतो की बाबा, तुम्ही म्हातारे झालात म्हणजे हा तुमच्यासाठी. बापाचे डोळे उघडतात आणि म्हातारा गाडीतून घरी परततो.

दोन्ही कथांत सुटका आहे. एकीत वृद्धाचे शहाणपण कामास येते, दुसरीत बालकाचा प्रश्न. इमामुरांनी दोन्ही दारे बंद केली आहेत. ओरिनचे शहाणपण गावाला हवे आहे, तरी ते तिला वाचवीत नाही. घरात मुले आहेत, पण दुसरा खड्डा खणून बापाला लाजवणारे मूल नाही. ४५ वर्षांच्या तात्सुहेईला ठाऊक आहे की पंचवीस वर्षांनी त्याच्या मुलाच्या पाठीवर तो स्वतः असेल. कथेने दिलासा नाकारला म्हणून सुटकेची जबाबदारी प्रेक्षकावर येऊन पडते. या चित्रपटाचे खरे भावनिक मोल येथून सुरू होते.

पाठीवरचे ओझे

पहिले मोल पुत्रप्रेमाचे. आईने मुलाला पाठीवर घ्यावे, हे सृष्टीचे सहज रूप. येथे मुलगा आईला पाठीवर घेतो, आणि कशासाठी, तर मृत्यूकडे नेण्यासाठी. प्रेमाची सर्वांत निकटची मुद्रा आणि सर्वांत क्रूर कृत्य एकाच देहस्थितीत आहेत. ओरिनची भूमिका करणाऱ्या सुमिको साकामोतो आणि तात्सुहेई साकारणारे केन ओगाता यांच्या वयात प्रत्यक्षात वर्षाचेही अंतर नव्हते. १९३६ चा तिचा जन्म, १९३७ चा त्याचा. तरीही त्या चढणीवर माता आणि पुत्र याशिवाय दुसरे काही दिसत नाही.

याच वाटेवर दुसरी जोडी आहे. शेजारचा म्हातारा मातायान जायला तयार नाही. त्याचा मुलगा त्याला दोरांनी बांधून नेतो आणि दरीच्या काठावरून लोटून देतो. म्हातारा मुलाला कवटाळण्याची धडपड करतो. दरीतून कावळ्यांचा थवा उठतो. तात्सुहेई हे पाहतो. नियम तोच, पर्वत तोच; एकाने आईला वाहून नेले, दुसऱ्याने बापाला फेकले. ओरिनचा शेवट आणि मातायानचा शेवट यांत फरक आहे, आणि मोठा आहे. पण दोघांचे मरण मात्र एकच आहे, हेही प्रेक्षकाला विसरता येत नाही. प्रेमाने अन्याय सुसह्य होतो. न्याय्य होत नाही.

त्याग कोणता, सक्ती कोणती?

येथे भारतीय मनाला एक जुना आणि कठीण प्रश्न भेटतो. आयुष्याच्या अखेरीस स्वतःहून दूर होण्याला आपण आदराने पाहतो. युद्धानंतर पंधरा वर्षांनी धृतराष्ट्र आणि गांधारी वनात निघाले, तेव्हा कुंतीही त्यांच्याबरोबर गेली. मुले राज्यावर होती, हात जोडून विनवीत होती. तरी ती गेली. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी 'आत्महत्या की आत्मार्पण' या लेखात हा भेद तर्कशुद्ध रीतीने मांडला, आणि फेब्रुवारी १९६६ मध्ये अन्न आणि औषध सोडून तो जगून दाखवला. २६ फेब्रुवारी १९६६ रोजी त्यांनी देह ठेवला. आचार्य विनोबा भावे यांनी १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनार येथे तशाच निश्चयाने निरोप घेतला. वैचारिक वाटा भिन्न असलेल्या या दोन महाराष्ट्रीय पुरुषांनी अखेरचे पाऊल सारख्याच शांततेने टाकले.

मग ओरिन त्यांच्या पंक्तीतली आहे काय? पर्वतावर हात जोडून बसलेली तिची मूर्ती पाहिली तर होय म्हणावेसे वाटते. तिच्या मुद्रेत भय नाही, तक्रार नाही; कामे आटोपलेल्या गृहिणीचे समाधान आहे. पण उखळीवर फोडलेले दात आठवले की उत्तर अडखळते. कुंतीला कोणी जा म्हटले नव्हते. सावरकरांच्या ताटातला घास कोणाला नको झाला नव्हता. ओरिनचा घास मोजला जात होता. तिच्या चांगल्या दातांची नातू टिंगल करीत होता. ज्या घरात राहण्याची मोकळीक नाही, तेथे जाण्याला त्याग म्हणता येत नाही. आणि तरीही त्या सक्तीच्या चौकटीत ओरिनने जे धैर्य आणि जी माया दाखवली, ती खोटी ठरत नाही. सक्ती खरी आहे आणि उदात्तताही खरी आहे. दोन्ही एकाच वेळी मनात धरायला लावणे, हे या चित्रपटाचे दुसरे मोल.

परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांना हा भेद विशेष उपयोगाचा आहे. त्याग करणाऱ्याचे गुणगान करणे सोपे असते. त्याला त्याग करावा लागू नये अशी व्यवस्था करणे अवघड असते. विधवांच्या वाट्याला आलेल्या केशवपनाला आणि अर्धपोटी जिण्याला एके काळी व्रताचेच नाव होते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला, तेव्हा त्या नावाखाली झाकलेली सक्ती त्यांना दिसली होती. हिंदू समाजाने अशा सुधारकांचे आधी हाल केले आणि नंतर त्यांना महर्षी म्हटले. समाजाची शक्ती या दुसऱ्या अर्ध्या भागात आहे. जो समाज आपली चूक ओळखून चाल बदलतो, तोच टिकतो.

सर्वांत टोचणारा काटा

चित्रपटातील सर्वांत दाहक प्रसंग पर्वतावरचा नाही. गावातील एक कुटुंब धान्य चोरताना सापडते. गाव ठरवते आणि एका रात्री त्या कुटुंबाला, मुलांसकट, जिवंत पुरते. त्या घरची मुलगी मात्सु ही ओरिनच्या नातवाची, केसाकिचीची, जोडीदार आहे. तिच्या पोटात त्याचे मूल आहे. ती ओरिनच्या घरातून आपल्या माहेरी धान्य पळवते. त्या रात्री काय घडणार हे ओरिनला ठाऊक असते. ती मात्सुला खाऊ बांधून देते आणि माहेरी जायला सांगते.

ज्या हाताने नव्या सुनेला मासे पकडायला शिकवले, त्याच हाताने हे केले. येथे प्रेक्षकाची ओरिनविषयीची सोपी भक्ती तुटते. आणि ती तुटायलाच हवी. कारण ओरिनने हे द्वेषाने केलेले नाही; घरासाठी केले आहे. आपल्या लेकरांच्या तोंडचा घास वाचावा म्हणून केले आहे. कुटुंबप्रेम हे आपल्या समाजाचे बळ आहे, यात शंका नाही. पण त्या प्रेमाला दाराबाहेर डोळे नसतील तर ते किती निर्दय होऊ शकते, हे या एका प्रसंगाने कोणत्याही प्रवचनापेक्षा स्पष्ट सांगितले आहे. 'आपले' या शब्दाची सीमा जेथे संपते तेथे करुणाही संपते काय? अस्पृश्यतेच्या काळात या देशातील अनेक सात्त्विक घरांना हाच प्रश्न विचारता आला असता. घरात देवासारखी माणसे होती आणि त्यांच्याच दाराबाहेर पाण्यावाचून तहानलेली माणसे होती. १९३१ मध्ये रत्नागिरीत पतितपावन मंदिराचे दार सर्व हिंदूंसाठी उघडले, ते या 'आपले'ची सीमा वाढवण्यासाठीच. समरसतेचे काम अजून संपलेले नाही, म्हणून मात्सुची गोष्टही परकी नाही.

आपला पर्वत कोठे आहे?

हे सारे दूरच्या, दरिद्री, जुन्या जपानचे चित्र आहे असे म्हणून हात झटकता येतील. पण जपाननेच तसे केलेले नाही. आज त्या समृद्ध देशात सुमारे २९ टक्के लोक ६५ वर्षांवरील आहेत. २०२२ साली चिए हायाकावा या दिग्दर्शिकेचा 'प्लॅन ७५' हा चित्रपट आला. त्यातील कल्पित सरकार पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना सन्मानपूर्वक मरण देऊ करते. हसतमुख कर्मचारी आहेत, अर्ज आहेत, थोडी रक्कमही आहे. पर्वत नाही, बर्फ नाही, कोणाच्या पाठीला ओझे नाही. टंचाई अन्नाची होती तेव्हा नियम उघड होता; आता टंचाई वेळेची आणि आपुलकीची आहे, तेव्हा नियम मऊ भाषेत बोलतो.

भारतात काय आहे? २०११ च्या जनगणनेत साठ वर्षांवरील लोकांची संख्या दहा कोटींहून अधिक होती. मातापित्यांना देव मानणाऱ्या या देशाला २००७ साली ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा कायदा करावा लागला. वृद्धाला टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे. कायदा झाला हे चांगलेच, परंतु त्याची गरज भासली याचा विचार व्हायला हवा. तामिळनाडूच्या काही भागांत अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना तेलाने न्हाऊ घालून मरणाकडे लोटण्याची 'तलैकूत्तल' ही चाल वृत्तपत्रांतून उजेडात आली आणि तिच्यावर प्रिया कृष्णस्वामी यांनी 'बारम' हा चित्रपट केला. सर्वोत्कृष्ट तामिळ चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. वृंदावन आणि काशी येथे आणून सोडलेल्या वृद्ध स्त्रियांची कहाणी तर सर्वश्रुत आहे. तीर्थक्षेत्र हा पर्वत नव्हे. पण परतणाऱ्याने मागे वळून पाहिले नाही, तर तोही नारायामा होतो.

जीवनाच्या दुसऱ्या टोकाकडेही पाहावे. शेताच्या बांधावर टाकलेले अर्भक पाहून प्रेक्षक शहारतो. १९९१ साली या देशात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ९४५ मुली होत्या. २००१ साली त्या ९२७ झाल्या. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा १९९४ मध्येच झालेला होता. येथे बांध नव्हता, स्वच्छ दवाखाना होता. आणि ही घट केवळ उपाशी घरांत झाली नाही, खात्यापित्या घरांतही झाली. 'नारायामा'तील गावाकडे निदान भुकेची सबब होती.

पर्वत कधी मागच्या खोलीच्या रूपाने असतो. कधी परदेशातून दर महिन्याला न चुकता येणाऱ्या पैशाच्या आणि कधीमधीच येणाऱ्या दूरध्वनीच्या रूपाने असतो. कधी एकाच सोफ्यावर बसून प्रत्येकाने आपापल्या पडद्यात पाहण्याच्या रूपाने असतो. सगळेच वृद्धाश्रम वाईट नसतात. कित्येक ठिकाणी निरपेक्ष सेवाभावाने काम चालते आणि एकाकी वृद्धांना तेथे घर मिळते. प्रश्न इमारतीचा नाही. तेथे सोडून उतरताना बर्फ पडू लागले तर धावत परत जाणारा मुलगा आहे की नाही, हा प्रश्न आहे.

असे चित्रपट कसे पाहावेत?

पहिली गोष्ट, अशी कृती पाहण्याचे वय आणि मनाची तयारी असावी. ती मुलांसमोर लावण्याची वस्तू नाही. दुसरी, पाहताना आपल्याला नेमके काय खटकते आहे ते स्वतःला विचारावे. उघडे शरीर खटकते की उघडे सत्य? पहिल्यासाठी मान फिरवण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. दुसऱ्यासाठी मान फिरवली तर नुकसान आपले आहे. तिसरी, विदेशी चित्रपटाकडे आंधळ्या भक्तीनेही पाहू नये आणि तुच्छतेनेही पाहू नये. कान महोत्सवाने गौरवले म्हणून तो थोर नाही, आणि परदेशी आहे म्हणून तो त्याज्यही नाही. आपल्या पूर्वजांनी कथा बाहेर पाठवल्या. बदललेल्या रूपात त्या परत आल्या तर त्यांना दारातून हाकलण्याचे कारण नाही. चौथी आणि महत्त्वाची गोष्ट, पाहून झाल्यावर चर्चा चित्रपटाच्या तंत्राची करून थांबू नये. घरातल्या ज्येष्ठांजवळ जाऊन बसावे. त्यांना विचारावे की तुमची मासे पकडण्याची जागा कोणती? प्रत्येक वृद्धाजवळ अशी एक जागा असते. कोणाजवळ लोणच्याचे प्रमाण असते, कोणाजवळ जमिनीचा, औताचा, आजारांचा, गावाच्या भांडणांचा इतिहास असतो, कोणाजवळ ओव्या असतात. ते विचारणारा कोणी नसला म्हणजे माणूस जिवंतपणीच पर्वतावर बसलेला असतो.

सज्जनहो, तक्कल जातकातील त्या सात वर्षांच्या मुलाने बापाला उपदेश केला नाही, तो फक्त शेजारी खड्डा खणू लागला. इमामुरांचा चित्रपटही उपदेश करीत नाही. तो शेजारी बसून खणत राहतो. त्या आवाजाने अस्वस्थ होणारे मन अजून निबर झालेले नाही, हे त्या अस्वस्थतेचेच प्रमाण आहे. ती अस्वस्थता घेऊन घरी जावे, आणि दार उघडणारे हात जर थरथरणारे असतील तर ते क्षणभर आपल्या हातात धरावेत. पर्वतावरून म्हाताऱ्यांना परत आणण्याची सुरुवात तेवढ्यानेही होऊ शकते.